भोंग्याच्या आधी तीन मिनिटं

मुलाखत उद्या अकराला, रत्नागिरीत.
पहिली बोट साडेसहाची, तवसाळहून.
साडी इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलीय,
पदराला पिन आत्ताच टोचून ठेवलीय,
सकाळी हात थरथरले तर घोळ नको.

फाईल तीनदा लावली.
पदविका, नोंदणीचं प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले:
सहा वर्षं, अकरा शाळा, मानधन दरमहा,
म्हणजे कधी कधी दोन महिन्यांनी.
आधारकार्डाच्या झेरॉक्सवर माझा चेहरा
चुलीत भाजलेल्या बांगड्यासारखा आलाय.

समोर मुकादमचाचा, निवड समिती म्हणून.
गुहागर आगारात एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते,
प्रश्नसुद्धा गाडी लागल्यासारखा पुकारतात.
"समावेशित शिक्षण म्हणजे काय, थोडक्यात सांगा!"
मी सांगते.
"अध्ययन अक्षमता आणि मतिमंदत्व, फरक!"
तो शब्द आता वापरत नाहीत, चाचा.
"मग छापलाय कशाला?"
गाईड जुनं आहे.
ते चष्मा नाकावर ओढतात, बॉलपेनने शब्द खोडतात,
बंद पडलेली फेरी फळ्यावरून खोडावी तसा.

"एखाद्या अवघड मुलाचा अनुभव सांगा."

इथे मी अडते.
पाठ केलेलं उत्तर आहे, दीड मिनिटाचं,
त्यात वर्तन आहे, कारण आहे, उपाययोजनासुद्धा आहे,
त्यात विघ्नेश पालशेतकर नाही.

विघ्नेश नऊ वर्षांचा. बोलत नाही.
शाळा जेटीच्या बरोबर वर,
बोट सुटताना भोंगा वाजला की
तो बाकाखाली, नाहीतर दाराबाहेर,
एकदा दातांनी माझ्या मनगटावर.
(डाग अजून आहे. उद्या घड्याळ त्यावरच बांधणार.)
पहिले दोन महिने मी त्याला शिकवत होते.
मग बोटीचं वेळापत्रक शिकले.
भोंग्याच्या आधी तीन मिनिटं
त्याच्या मुठीत खाडीतला एक गोटा द्यायचा,
बोटांवर उलटं मोजायचं,
कान झाकायचे,
मग वाजू दे.
ओहोटीला बोट उशिरा लागते,
त्या दिवशी आमचं गणितही उशिरा.

फेब्रुवारीत एका दुपारी
मी वह्या तपासत होते, विसरले.
कानांवर दोन हात आले, घामेजलेले, एकात गोटा.
माझ्या कानांवर.
भोंगा मला लांबून ऐकू आला,
पलीकडे जयगडात वाजल्यासारखा.

आराखड्याच्या तक्त्यात तीन रकाने असतात:
साध्य, अंशतः साध्य, असाध्य.
त्या दिवशी मी पेनाचं टोपण काढलं
आणि परत लावलं.

"हेच सांग गो," चाचा म्हणतात,
हा आवाज आगारातला नाही.
सांगेन. पण त्यांनी विचारलं,
मग आता त्याच्याकडे कोण बघणार, तर?

चाचा गाईडाची पानं उलटतात.
खाडीत कुणाच्या तरी होडीचं इंजिन पुकपुकतंय.

कायम नोकरी. पगार एक तारखेला.
आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन.
हे उत्तरात घालायचं नसतं, ठाऊक आहे,
तरी पर्सच्या आतल्या कप्प्यात ते असणारच.

विघ्नेशच्या आईला सगळ्या वेळा लिहून दिल्या,
मोठ्या अक्षरात, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर.
तिला पहाटेच कोळंबी सोलायला जायचं असतं.
"बघते," म्हणाली.
उद्या साडेसहाच्या भोंग्याला
मी त्याच बोटीवर असेन.

"शेवटचं," चाचा उभे राहतात, सदरा नीट करतात,
"तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे?"
गाईडात लिहिलंय: नम्रपणे नाही म्हणावे, आभार मानावेत.

आहे, सर.
तुमच्या शाळेजवळ काय वाजतं?
आणि किती वाजता?